जागा धरायचा रुमाल

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही एका जहाजावर आहात. सकाळी सातला सुटलेलं जहाज दुपारी एकच्या उन्हात समुद्रातच थांबलंय. समोर बेट दिसतंय. पांढरी घरं, डोंगरावर चर्च, काठावर वाळत घातलेली जाळी. पण खाडी उथळ आहे, जहाजाला आत जाता येत नाही. मग बेटावरून एक होडी येते. जहाजाच्या कुशीतलं लोखंडी दार उघडतं, आणि तिथून तुम्हाला खाली होडीत उतरायचं असतं. होडी लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. पाय कधी टाकायचा ते तुम्ही ठरवायचं नाही. होडीतला म्हातारा सांगेल तेव्हाच टाकायचा.

दिसलं? आता त्या दारात बूट हातात घेऊन उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी बघा. तिच्या गळ्यात मोठ्या बाईचा पिवळा रुमाल आहे. ती मिर्सिनी. तिच्या मागे उभे आहेत ते तिचे बाबा, स्तामातिस. पिरेअस बंदराजवळ त्यांचं कुलुपं-किल्ल्या दुरुस्त करायचं दुकान आहे.

दर ऑगस्टमध्ये ते तिघं या लिथारी बेटावर सुट्टीला येत. आई इथलीच. जहाजात चढलं की आई सगळ्यांच्या आधी पळत वर जायची आणि सावलीतल्या बाकावर हा पिवळा रुमाल पसरून तिघांची जागा धरायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "रुमाल बसलाय ना तिथे? मग माणूस बसलंय असं समजा."

गेल्या वर्षी त्यांचं येणं झालं नाही. आई दवाखान्यात होती. ऑगस्टच्या शेवटी शेवटी ती एवढंच बोलायची, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की. माझं तिकीट काढून ठेवा." त्याच आठवड्यात ती गेली.

यंदा बाबा तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि दर वर्षीच्या सवयीनं तीन नावं सांगून मोकळे झाले. स्तामातिस, मिर्सिनी, आणि आईचं, एवदोकिया. येण्याजाण्याची तीन तिकिटं. जहाजावर गेल्यावर खिशातून तीन निघाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मिर्सिनीला वाटलं, आता ते एक फाडून टाकतील. त्यांनी ते नीट घडी करून परत खिशात ठेवलं.

खाली होडी आली. होडीवाले निकितास आजोबा सत्तरीचे होते, आणि त्यांचे दोन नियम सगळ्या बेटाला पाठ होते. होडीत अनवाणीच यायचं, कारण चपलांचे तळ घसरतात. आणि नाव पुकारल्याशिवाय जागचं हलायचं नाही. फार वर्षांपूर्वी दक्षिणेच्या वाऱ्यात एक बाई जहाज आणि होडीच्या मधल्या फटीत गेली होती, आणि होडी काठाला लागेपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तेव्हापासून जहाजावरचा माणूस आजोबांच्या हातात प्रवाशांची यादी देई. आजोबा एकेक नाव पुकारत, हात पुढे करत, पाय फळीवर टेकला की पुढचं नाव. यादी संपल्याशिवाय होडी सुटत नसे. परत जाताना पुन्हा तीच यादी. "जेवढे आणले तेवढे परत पोचवायचे," ते म्हणत. "एकही कमी नको, एकही जास्त नको."

"पांतेलिस," आजोबांनी पुकारलं. एक लठ्ठ कापडवाले पुढे झाले.

"काय शेठ, आधी पोट उतरवू का आधी तुम्हाला?"

"पोट माझ्या मागून येईल, निकितास. तू होडी सांभाळ."

सगळे हसले. "मिर्सिनी." तिनं हात दिला. आजोबांचा तळवा दोरखंडासारखा खरखरीत होता. "स्तामातिस." बाबा उतरले. मग आजोबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मोतीबिंदूमुळे त्यांना आताशा धूसर दिसे.

"एवदोकिया."

बाबा म्हणाले नाहीत, की ती यात नाही.

आजोबांचा हात दाराकडे गेला होता. नाव तोंडातून गेल्यावर त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. हात तसाच राहिला. एक लाट आली, गेली. मग तो हात खाली आला. रिकामा हात जसा येतो तसा नाही, सावकाश, कोपरात वाकत, भार पेलत. आणि होडीची कड पाण्याकडे जराशी झुकली. नऊ माणसं उतरताना नऊ वेळा झुकली होती, तेवढीच.

कापडवाले नकळत थोडे सरकून बसले.

आजोबा कुणाकडे न बघता वल्ह्याशी गेले. काठाला लागेपर्यंत कुणी थट्टा केली नाही.

मावशीचं घर खाडीच्या वरच्या अंगाला होतं. फोतिनी मावशी आईहून दहा वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, तोंडाची फटकळ. गच्चीवर बोरूच्या चटयांवर अंजिरं वाळत पसरली होती. ऑगस्टभर हेच काम. रोज सकाळी एकेक अंजीर उलटायचं, नाहीतर खालून बुरशी धरते. लहानपणापासून हे काम आईचं. लग्न होऊन गेली तरी सुट्टीतले दिवस ती ते कुणाला करू देत नसे.

दुसऱ्या दिवशी मावशी गच्चीवरून खाली आली. "अंजिरं तू उलटलीस?"

"नाही. मी आत्ता उठले."

"स्तामातिस, तू?"

"मला काय येतंय त्यातलं."

मावशीनं पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले, जरा जास्तच वेळ. "बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही ती उलटलेली होती. चौथ्याही. सगळ्यांचे देठ एकाच दिशेला, चर्चकडे. आई ठेवायची तसे.

सहाव्या दिवशी दुपारी मिर्सिनी झोपली होती. खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या, बाहेर रातकिड्यांसारखे किडे उन्हात करकरत होते. झोपेत तिला डोक्यात बोटं फिरल्यासारखं वाटलं, पण जाग आली नाही. इतकी गाढ ती वर्षभरात झोपली नव्हती. उठली तेव्हा उशी ओलसर होती, आणि तिच्या केसांची चार पेडांची वेणी घातलेली होती. मावशीला तीनच पेडांची येते. बाबांना तर रबरसुद्धा नीट लावता येत नाही.

ती बराच वेळ वेणी हातात धरून बसली. तिला भीती वाटली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. तिला वाटलं ते असं, की कुणीतरी फार लांबून घरी आलंय आणि आता त्याला जाऊ द्यायचं नाही. मग ती उठली. बाबांचा कोट खुंटीवर होता. त्याच्या आतल्या खिशातून तिनं तिसरं तिकीट काढलं, परतीचं. तिकीट नसेल तर जहाजात घेत नाहीत. तिनं ते बुटाच्या आतल्या कातड्याखाली सरकवलं.

त्यानंतर बाबा बदलले.

वर्षभर ते गप्प होते. दुकानात कुलूप उघडून पुढ्यात ठेवत आणि तसेच बसत. आता ते शीळ घालू लागले. जेवायला तीन ताटं मांडली तर चौथं स्वतः आणून ठेवत. रोज उन्हं कलली की पोहायला जात, आणि परत येत तेव्हा त्यांचे डोळे चमकत असत. जेवत मात्र काही नसत. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली.

आईचं वर्ष भरलं त्या दिवसासाठी मावशीनं गहू उकडले. परातीत रास करून वर साखर थापली, साखरेवर बदामांनी आईचं नाव लिहिलं. ते चर्चमध्ये न्यायचं, पाद्री प्रार्थना म्हणतात, मग सगळ्यांना मूठमूठ वाटायचं. बाबांनी परात बघितली.

"हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?" मावशी म्हणाली. "वाचता येत नाही का तुला?"

"घरात असलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध घालतेस, फोतिनी?" ते अगदी शांतपणे, हसून बोलले. "तिला काय वाटेल?"

मावशी परात घेऊन एकटीच चर्चला गेली. परत आली ती निकितास आजोबांना घेऊन. दोघं ओट्यावर बसली. मिर्सिनी आत वाटाणे सोलत होती, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"तू हात कशाला दिलास?" मावशी म्हणाली.

"मी नेहमीच देतो."

"आंधळा झालायस."

"झालोय थोडा. पण हाताला कळतं ना." आजोबांनी तळवा उघडून पाहिला. "मी हात पुढे केला, तर हात आला, फोतिनी. लहानपणी खेकडे धरायला मीच तिला न्यायचो. तो हात मला ओळखीचा नाही होय?"

मावशीनं मांडीवरची रिकामी परात बाजूला ठेवली.

"यादीत आहे," आजोबा म्हणाले. "शनिवारी परत न्यायला हवी."

"आणि नाही गेली तर?"

"ते मला ठाऊक नाही. तुझा मेव्हणा काल कुठवर पोहत गेला होता, बघितलंस? दिव्याच्या खडकापर्यंत. परवा त्याच्या अर्ध्यावर होता. माझ्या होडीतून हाका मारल्या तर मागे वळेना. कुणाशी तरी बोलत होता."

मिर्सिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. दीपस्तंभाच्या त्या खडकापलीकडे काही नव्हतं. पाणी होतं नुसतं.

त्या संध्याकाळी ती बाबांच्या मागोमाग काठावर गेली.

"बाबा, आज नका ना जाऊ."

"अगं, ती वाट बघत असेल." त्यांनी सदरा काढून तिच्या हातात दिला. "तुला माहितीय, तिला एकटीला करमत नाही."

"मला पण करमत नाही."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे नजर तिच्यावर होती, पण ती तिच्यातून पलीकडे पाण्याकडे गेल्यासारखी. "हुशार आहेस तू," ते म्हणाले. "मावशी आहे तुला."

ती सदरा छातीशी धरून उभी राहिली. बाबांचं डोकं लहान होत गेलं. खडकाशी पोचलं. खडकाच्या पलीकडे गेलं. तिनं आकडे मोजायला सुरुवात केली, आणि ती चारशेच्या पुढे गेली तेव्हा ते डोकं पुन्हा दिसलं. परत आले तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते, आणि ते हसत होते.

शनिवार आला. सकाळी बाबा म्हणाले, "मिर्सिनी, तू कापडवाल्या शेठबरोबर पिरेअसला जा. शाळा बुडायला नको. आम्ही इथंच राहतो."

"आम्ही म्हणजे कोण?" मावशी कडाडली. "होडीपर्यंत तरी ये. पोरीला निरोप द्यायला. एवढी तरी लाज बाळग."

म्हणून ते होडीत आले. अनवाणी, बॅग न घेता. मावशी काठावर उभी राहिली. होडीच्या मागच्या फळीवर बाबा एका कडेला बसले, आणि पलीकडची जागा त्यांनी हातानं पुसून मोकळी ठेवली. होडी सुटली. त्या बाजूला ती थोडी कललेली होती. निकितास आजोबांनी वल्हं मारता मारता कलतेपणाकडे एकदा पाहिलं.

जहाज थांबलं होतं. लोखंडी दार उघडं होतं. आत काळोखी वाट, आणि वारा खेळावा म्हणून समोरच्या कुशीचंही दार उघडं ठेवलेलं. त्यातून पलीकडचा समुद्र चौकोनी दिसत होता, लख्ख निळा. दारात तिकिटं फाडणारा माणूस घाम पुसत उभा होता.

आजोबांनी तीच यादी काढली. कापडवाले गेले. बाकीचे गेले. "मिर्सिनी." ती वर चढली. तिचं तिकीट फाडून अर्धं तिच्या हातात आलं.

"स्तामातिस."

बाबा हलले नाहीत. "मी येत नाहीये."

"यादीत आहेस."

"मग आधी तिचं नाव घ्या. ती गेली तर मी जाईन."

आजोबांनी कागद खिशात घातला. तो त्यांना लागत नव्हता. त्यांनी मोकळ्या फळीकडे हात केला आणि खालच्या आवाजात पुकारलं, "एवदोकिया."

लाट आली. होडी वर उचलली गेली, खाली बसली. ती कललेलीच राहिली.

"पोरी, ऊठ," आजोबा म्हणाले. इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "मी आहे ना धरायला."

"तिचं तिकीट हरवलंय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "मी सगळीकडे शोधलं. तिकिटाशिवाय कसं घेतील?"

"तिकिटाशिवाय कुणालाच नाही घेत," वरचा माणूस त्रासून म्हणाला. "म्हातारबा, आटपा. कप्तान शिव्या घालतोय."

जहाजाचा भोंगा वाजला. तो मिर्सिनीच्या पोटात घुमला.

तिच्या हातात बूट होते.

तिनं खाली पाहिलं. बाबा त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, दिव्याच्या खडकाला पाठ लावून बसावं तसे निवांत. त्यांच्या मागे तो खडक होता. त्याच्या मागे पाणी.

तिच्या पाठीवर वेणी होती. चार पेडांची. आज सकाळची.

तिनं ती पुढे घेतली आणि एकदा गालाला लावली.

मग बुटातलं कातडं उचललं, दमट झालेलं तिकीट काढलं, आणि त्या माणसापुढे धरलं.

"हे तिचं," ती म्हणाली.

त्यानं न बघता फाडलं. फाडल्यावर तो अंग चोरून एका बाजूला झाला, वाटेतून कुणी जात असलं की होतो तसा. बाजूला झाल्यावर त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तो इकडेतिकडे बघत राहिला.

खाली आजोबांचा हात वर उचलला गेला, मग हलका झाला.

होडी सरळ झाली.

"गेली?" बाबा ताडकन उठले. "ती वर गेली? थांब. मी आलो. अगं, थांब."

त्यांच्या पायात होडीचा दोर अडकला. आजोबा तो सोडवत होते, फार सावकाश सोडवत होते.

मिर्सिनी आत वळली. लोखंडी जमिनीवर ओली पावलं उमटली होती. लहानखुरी, अनवाणी, डाव्या पायाची करंगळी जरा बाहेर. ती जिन्याकडे गेली नव्हती. जिना उजव्या हाताला होता, वर डेक होता, सावलीतला बाक होता. पावलं सरळ गेली होती, समोरच्या उघड्या दाराकडे. सात पावलं. सातवं दाराच्या कडेवर होतं, अर्धंच. बोटांची जागा कडेच्या बाहेर होती.

मागे बाबांचा हात लोखंडी कठड्यावर पडल्याचा आवाज आला.

मिर्सिनीनं गळ्यातला पिवळा रुमाल सोडला. गुडघ्यावर बसून तिनं पहिलं पाऊल पुसलं. मग दुसरं. ती घाई करत होती, पण एकही चुकवत नव्हती. सातव्याशी तिला कडेवर वाकावं लागलं. खाली निळं पाणी होतं. ते पाऊल गार नव्हतं. तिनं तेही पुसलं.

"कुठं गेली?" बाबा धापा टाकत आत आले. ते जिन्याकडे बघत होते, मग उघड्या दाराकडे, मग पुन्हा जिन्याकडे. "मिर्सिनी, आई कुठंय?"

"वर," ती म्हणाली. "जागा धरायला गेलीय."

मागे कुणीतरी दार ओढून घेतलं. जहाज हललं.

तिनं बाबांचा हात धरला आणि त्यांना जिन्यानं वर नेलं. सावलीतले बाक भरले होते. उन्हातला एक मोकळा होता. तिनं त्याच्या मधोमध ओला रुमाल पसरला, कोपरे सारखे केले, आणि एका बाजूला बाबांना बसवून दुसऱ्या बाजूला आपण बसली. बाबा रुमालाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते रडू लागले. एक बाई मुलाला घेऊन आली, तिनं बसायला जागा मागितली.

"कुणीतरी बसलंय," मिर्सिनी म्हणाली.

पिरेअस सहा तासांवर होतं. ऊन वाटभर कडक होतं, वाराही होता. रुमाल वाळला नाही.